चुकून न्हाई

मागच्या महिन्यात कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर, जिथं म्हशीची धार समोरच काढून देतात, माझ्याकडून एक बादली दूध सांडलं. आता हे वाक्य लिहितानाच बघा, 'माझ्याकडून' असं आलं. 'मी दूध सांडलं' असं सरळ लिहिता आलं असतं, पण हात तिकडं गेलाच नाही. खोडणार होतो, पण राहू दे, कारण मला जे सांगायचंय ते सगळं त्या एका शब्दाभोवतीच फिरतंय.

झालं असं की ऑफिसमधून येताना सात-साडेसातला कट्ट्यावर थांबलो. पावसानं दोन दिवस उघडीप दिलेली, रस्ता अजून ओला, म्हशी नेहमीसारख्या उभ्या, शेणाचा आणि भिजलेल्या पेंडीचा तो वास जो बाहेरगावच्या पाहुण्यांना सहन होत नाही आणि आपल्याला एक महिना कोल्हापूर सोडलं की आठवायला लागतो. मोकळ्या बादलीत पहिली धार पडते तेव्हा चर्र असा पातळ आवाज येतो, मग बादली भरत जाईल तसा तो आवाज जड होत जातो, शेवटी फेसात फेस मुरल्यासारखा नुसता घुमतो. मला दुधापेक्षा तो आवाजच जास्त आवडतो खरं तर. एक ग्लास पिलो, मिशीला लागलेला फेस पुसला, गाडी मागं घेतली आणि ठाण् करून काहीतरी वाजलं. स्टीलची बादली, चार-साडेचार लिटर तरी असेल, आडवी झालेली. गरम दूध ओल्या डांबरावरून उतार शोधत गटारीकडं निघालं, त्यातनं बारीक वाफ येत होती, आणि कुठनं कुणास ठाऊक एक कुत्रं आधीच येऊन उभं राहिलेलं. बाजूची चार माणसं 'अरं अरं अरं' म्हणाली, जे आपण सगळेच म्हणतो, आणि ज्यानं आजवर काहीही सांडायचं थांबलेलं नाही.

मी गाडी स्टँडला लावली, 'सॉरी मामा, सॉरी, चुकून झालं, खरंच चुकून झालं' असं दोनतीनदा म्हटलं. मामा सत्तरीतले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, दुसऱ्या म्हशीच्या कासेला बसलेले. हात न काढता मान तेवढी वळवली, आधी बादलीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "चुकून न्हाई झालं. बघितलं न्हाईस तू."

बस, एवढंच. परत धार सुरू.

मी पाचशेची नोट काढली, म्हटलं ठेवा सगळे. त्यांनी हात धुतले, टॉवेलाला पुसले, हिशोब केला आणि उरलेले पैसे माझ्या हातावर मोजून ठेवले. "सांडलं तेवढंच घेतो," म्हणाले. रागावलेले नव्हते, त्यामुळंच तर घोळ झाला. एखादी सणसणीत शिवी दिली असती तर बरं झालं असतं, आपल्याकडं शिवीनं विषय मिटतो आणि पुढं चहासुद्धा होतो. पण या माणसानं शिवी दिली नाही, माझा शब्द तेवढा दुरुस्त केला. मास्तर शुद्धलेखनाची वही तपासतात तसा. घरी जाऊन जेवलो, बातम्या बघितल्या, अंथरुणावर पडलो आणि माझं आतल्या आत भांडण सुरू. चुकून नाही तर काय मग? मुद्दाम केलं का मी?

मग ती गाढवं आठवली.

बीएला तत्त्वज्ञान होतं माझं. वर्गात आम्ही सातजण, त्यातले तिघं स्पर्धा परीक्षेवाले, ते हजेरीपुरते. सरांनी एकदा फळ्यावर दोन गाढवं काढली, ती कुत्र्यांसारखी दिसत होती, आम्ही हसलो तसं त्यांनी खाली 'गाढव १' आणि 'गाढव २' असं लिहिलं. गाढवं ऑस्टिनची. जे. एल. ऑस्टिन, ऑक्सफर्डचा, १९११ चा जन्म, १९६० मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅन्सरनं गेला, आणि जिवंतपणी एक धड पुस्तक काढलं नाही, सगळी मागनं निघाली. नीतिशास्त्राचा प्राध्यापक, पण चांगलं म्हणजे काय नि वाईट म्हणजे काय असल्या मोठमोठ्या प्रश्नांना हातच घालायचा नाही. हा बाबा बघायचा माणसं माफी मागताना, सबबी सांगताना कुठले शब्द वापरतात. १९५६ मध्ये त्यानं सबबींवरच एक अख्खं भाषण दिलं, आणि त्यातल्या एका तळटीपेत ही गाढवं आहेत. तुझं एक गाढव, माझं एक, दोन्ही एकाच कुरणात चरतायत. मला माझं नकोसं झालं, म्हणून बंदूक घेऊन गेलो, नेम धरला, गोळी घातली, जवळ जाऊन बघतो तर ते तुझं निघालं. आता तुझ्या दारात येऊन मी काय सांगू? आणि दुसऱ्या वेळी असं झालं की नेम माझ्याच गाढवावर होता, पण चाप ओढताना दोन्ही हलली आणि तुझं पडलं. आता काय सांगू? पहिलं चुकून, दुसरं अपघातानं. गाढव दोन्ही वेळा तुझंच मेलं, नुकसान तेवढंच, पण दोन्हीला एकच शब्द लावला तर कुठंतरी खोटं बोलल्यासारखं होतं. त्याचं म्हणणं असं की हा फरक त्यानं शोधलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी एकमेकांच्या दारात उभं राहून खुलासे देत देत तो भाषेत घासून घासून तयार केलाय. आपण तो बोलताना वापरतो आणि विचार करायला बसलो की विसरतो. लायब्ररीत बसून हे ज्यानं लिहिलं त्याला मी वीस-पंचवीस वर्षं ओळखतोय, आणि ज्या मामांनी हे नाव ऐकलं असायचं काही कारण नाही त्यांनी मला म्हशीखालनं मान वळवून तेच सांगितलं. मी दुसऱ्या कुणाच्या बादलीला आपली बादली समजून लाथ मारली असती तर ते 'चुकून'. माझ्या समजुतीत काही चुकलंच नव्हतं, समजून घ्यायला मी मागं वळलोच नव्हतो.

आता यात गंमत अशी की माझं पोटच सबबींवर चालतं. मी गाड्यांच्या इन्शुरन्स क्लेमचं काम करतो. फॉर्मवर एक चौकट असते, 'अपघात कसा झाला', चार ओळींची, आणि त्या चार ओळींत मी जेवढी मराठी वाचलीय तेवढी कुठल्या दिवाळी अंकात वाचली नसेल. 'अचानक कुत्रे आडवे आले.' 'समोरून प्रखर लाईट आल्याने गाडी डिव्हायडरवर गेली.' 'ब्रेक न लागल्यामुळे पुढील गाडीस धडक बसली.' गाडी स्वतः जाते, धडक आपोआप बसते, आणि कोल्हापूर जिल्ह्यातलं कुत्रं हे तर फॉर्मांनुसार बघायला गेलं तर भयंकर आत्मघातकी जनावर आहे. एवढ्या वर्षांत एकाही चौकटीत 'माझं लक्ष नव्हतं' हे तीन शब्द वाचलेले नाहीत. मी पण कधी विचारत नाही, माझं काम पत्रा किती चेपला ते बघायचं. ऑस्टिनला हा फॉर्म जाम आवडला असता असं मला नेहमी वाटतं, कारण त्यानंच सांगून ठेवलंय की सबबी शिकायच्या असतील तर एक तर डिक्शनरी घेऊन बसा, नाहीतर कोर्टाचे निकाल वाचा. त्यानं स्वतः १८७४ चा एक खटला घेतलाय. वेड्यांच्या इस्पितळातला एक कर्मचारी रुग्णाला आंघोळ घालत होता, त्याला टबातून बाहेर ये म्हणाला, तेवढ्यात दुसऱ्याशी बोलण्यात लक्ष गेलं, थंड नळाऐवजी गरम नळावर हात पडला, आत तो रुग्ण अजून बसलेलाच. भाजून मेला बिचारा. नळ चुकला, असंच त्या कर्मचाऱ्यानं सांगितलं आणि तो सुटला. ऑस्टिनचा राग त्याच्या सुटण्यावर नाही, वकील-जज लोक निष्काळजीपणा, चूक, अनवधान हे सगळे शब्द एकाच टोपलीतले कांदे असल्यासारखे उचलून टाकतात यावर आहे. त्याच भाषणात त्याचं आणखी एक आहे जे मला कट्ट्यावरच आठवायला पाहिजे होतं. गोगलगाय पायाखाली आली तर 'लक्ष गेलं नाही हो' चालतं. तान्हं बाळ पायाखाली आलं तर चालत नाही, तिथं लक्ष न जाणं हाच गुन्हा. म्हणजे सबबीलासुद्धा माप असतं, आणि भरलेली बादली गोगलगाईकडची की बाळाकडची, हे कुणी ठरवायचं? ज्यानं पहाटे उठून म्हशीला वैरण घातली त्यानं ठरवायचं असं मला आता वाटतंय. त्या दिवशी वाटलं नव्हतं.

डिक्शनरी मी खरंच काढली, त्या आठवड्यात एका रात्री. आणि आपल्या मराठीनं या बाबतीत काय कारखाना काढून ठेवलाय ते बघून चाट पडलो. काच फुटते आणि काच फोडतात. दोरी तुटते, तोडतात. गाय सुटते, सोडतात. एका अक्षराचा फेर की माणूस गायब. पण 'सांडणं' बघा, याला तेवढा पण फेर लागत नाही. दूध सांडलं, मी दूध सांडलं, क्रियापद तेच, मी असलो काय नि नसलो काय. आणि या दोन्हीच्या मधे पायऱ्या. मी सांडलं. माझ्याकडून सांडलं. माझ्या हातून सांडलं. हात लागला नि सांडलं. सांडलं. जिना उतरल्यासारखं एकेक पायरी खाली यायचं आणि शेवटच्या पायरीवर आपण उरतच नाही, नुसतं दूध उरतं. वर 'राहून गेलं' आहेच. फोन करायचा राहून गेला, औषध आणायचं राहून गेलं, जसं काय ते औषध स्वतःहून दुकानात मुक्कामाला राहिलं. आणि सगळ्यात कहर म्हणजे 'चुकलं' आणि 'चुकून'. 'माझं चुकलं' म्हटलं की माणूस मान खाली घालून उभा राहतो, 'चुकून झालं' म्हटलं की तोच माणूस मागच्या दारानं पसार. एकाच घरातली भावंडं, आणि तिसरं भावंड 'चुकवणं', ते तर उघड उघड नजर चुकवून, देणं चुकवून, फटका चुकवून जगणारं. मी त्या दिवशी तीनदा 'चुकून' म्हटलं, एकदाही 'चुकलं' म्हटलं नाही. मोजून सांगतो, तीनदा.

आणि हे मोजताना मला आत्ती आठवली.

माझी आत्ती चिखलीकडं नदीकाठाला दिलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढत होतं तेव्हा सगळ्या कोल्हापूरचं असतं तसं माझं पण लक्ष त्या एका आकड्याकडं, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा किती फूट. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३, हे इथं पोराटोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. मी आत्तीला फोन केला आणि म्हटलं, "आत्ती, ३९ ला आलंय गं पाणी." ती म्हणाली, "हां, येतंय की दरवर्षी. तू जेवलास का?" मग पाऊस किती, वीज आहे का, असं थोडं बोललो आणि ठेवताना म्हटलं, "उद्या येतो मी." दुसऱ्या दिवशी सकाळी जाता आलं असतं. दुपारी निघू म्हटलं, दुपारपर्यंत रस्त्यावर पाणी आलं. मग पाणी जे वाढत गेलं ते पार ५५ फुटांच्या वर गेलं, पुढचं सगळ्यांना माहितीच आहे, मी कशाला लिहू. आत्तीला बोटीतनं काढलं, आठ-दहा दिवस शाळेच्या वर्गात सतरंजीवर होती. नंतर आतेभाऊ मला म्हणाला, तू आम्हाला सांगितलं पण नाहीस. मी उसळलो, म्हटलं सांगितलं की, फोन केलता, ३९ ला आलंय म्हणून स्वतः सांगितलं. तर तो म्हणाला, "सांगितलंस कुठं? आकडा वाचून दाखवलास."

या वाक्यावर आमचं पुढं वर्षभर नीट बोलणं नव्हतं. ऑस्टिनचं हेच तर सगळ्यात गाजलेलं काम, की बोलणं म्हणजे नुसतं जगाचं वर्णन नसतं, बोलून आपण काहीतरी करत असतो. वचन देतो, पैज लावतो, नाव ठेवतो, बजावतो. त्याचं उदाहरण बैलाचं आहे. 'त्या शेतात बैल आहे' असं कुणी म्हटलं तर तो तुम्हाला सावध करत असेल किंवा नुसतं शेताचं वर्णन करत असेल, शब्दांवरनं कळणार नाही. माझं '३९ ला आलंय' हे काय होतं? मी बजावलं होतं की बातमी दिली होती? मनात इशाराच होता, शपथेवर सांगतो. पण मग तिनं जेवलास का विचारल्यावर मी 'हो' का म्हटलं, 'आत्ती, आत्ता ऊठ, म्हशी सोड आणि भाऊला घेऊन इकडं ये' असं का नाही म्हटलं? आणि तो 'उद्या येतो'. आपल्याकडं निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, आमची आत्ती पण दारातनं निघताना 'येतो हां मी' म्हणायची, इकडच्या बायका बोलतात तसं. त्यामुळं 'येतो'चं आपण इतकं नाणं करून ठेवलंय की ते कधी वचन असतं आणि कधी नुसतं फोन ठेवायचं निमित्त, हे देणाऱ्याला पण कळत नाही. ऑस्टिन याबाबतीत कडक होता. एका ग्रीक नाटकातला माणूस म्हणतो की शपथ जिभेनं घेतली, मनानं नव्हती घेतली, आणि ऑस्टिन म्हणतो असं बोलायची सोय ठेवली की सगळ्या लबाडांची चांदी झाली. बोललास ना, मग बांधला गेलास. आत जाऊन मन तपासायचं नाही.

पण मला सांगायची होती ती गोष्ट वेगळीच आहे. आत्तीच्या दोन म्हशी होत्या. बोटीत जनावरं घेत नव्हते. पाणी गोठ्यात गुडघ्याला आलं तेव्हा तिनं अंधारात जाऊन दोन्हीची दावी सोडली. पाणी उतरल्यावर एक सापडली, बरीच लांब, उसाच्या फडात अडकलेली, हाडं वर आलेली पण जिवंत. दुसरी नाही आली. पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा मी तिथं होतो. भिंतीवर पाण्याची पिवळी रेघ, माझ्या छातीच्या वर, घरात तो पुराचा कुजका वास जो फिनेलनं जात नाही. तलाठ्यांनी विचारलं म्हैस कशी गेली. आतेभाऊ म्हणाला, सुटली आणि गेली वाहून. तलाठी लिहायला लागले. तशी आत्ती आतनं ओली भांडी पुसत होती ती बाहेर आली आणि म्हणाली, "म्हस सुटली न्हाई. मी सोडली तिला." आतेभाऊ म्हणाला, आई तू गप, काय फरक पडतोय. तलाठीपण भला माणूस, म्हणाला मावशी, तेच ते. ती म्हणाली, "तेच कसं? दावं मी सोडलं. हिकडच्या हातानं ही सोडली, आणि हिकडच्या हातानं ती." आणि दोन्ही हात पुढं करून दाखवले, ओले, फडक्यासकट.

तिला कुणी दोष देत नव्हतं. सोडली म्हणून तर एक वाचली. बांधून ठेवलेली ज्यांची गेली त्यांचे गोठे आम्ही बघून आलेलो. तिला सबबीची गरजच नव्हती, आणि तरी 'सुटली' या शब्दाची जी सावली तिला मिळत होती त्यात ती बसायला तयार नव्हती. मला तेव्हा तो हट्टीपणा वाटला, म्हातारपणाचा. आता आत्ती नाही, विचारता येत नाही. पण मामा मान वळवून बोलले तेव्हा मला आवाज कुणाचा आठवला असेल तर तिचा.

आता एक राहिलंय. राहिलंय नाही, मी ठेवलं होतं मागं.

मामा म्हणाले 'बघितलं न्हाईस तू'. हे पण खरं नाही. गाडी मागं घेताना आरशात काहीतरी चकाकलं होतं. अर्ध्या सेकंदाचं असेल, पांढरं, गोल, दिव्याच्या उजेडात. बादली आहे असं मनात स्पष्ट आलं नाही, पण काहीतरी आहे एवढं आलं, आणि त्याच्या पाठोपाठ असंही आलं की असेल कुणाचं तरी, घेईल बाजूला. गाडीवाला मागं येतोय म्हटल्यावर माणसं आपापलं सरकवतातच की. म्हणजे मी चुकलो नव्हतो, आणि न बघता पण नव्हतं, मी बघून पुढचं दुसऱ्यावर सोपवलं होतं. याला आपल्याकडं 'गृहीत धरणं' म्हणतात बहुतेक, आणि ते सबबींच्या टोपलीत बसत नाही, कारण ते कुणी कधी सबब म्हणून सांगत नाही. 'सॉरी मामा, मी तुम्हाला गृहीत धरलं' असं कुणी म्हणतं का? आणि आत्तीला ३९ सांगून मी जे केलं ते तरी वेगळं होतं का, आकडा सांगितलाय, आता ती बघेल. हे त्या रात्री सुचलं आणि मग झोप अशी आलीच नाही. ऑस्टिन शनिवारी सकाळी आपल्यापेक्षा तरुण प्राध्यापकांना गोळा करून एकेका शब्दाची अशी चिरफाड करत बसायचा म्हणतात, युद्धात हेरखात्यात काम केलेला माणूस, तीच नजर शब्दांवर. मी त्यांच्यात असतो तर माझ्या या अर्ध्या सेकंदाला त्यांनी काहीतरी नाव शोधून दिलं असतं. किंवा मामांसारखं एका वाक्यात मोकळं केलं असतं.

परवा तीन आठवड्यांनी परत कट्ट्यावर गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो, म्हणजे काय सांगणार होतो देव जाणे, 'मामा, आरशात दिसली होती बादली' असं? मामा त्याच जागी, तोच टॉवेल. मी गाडी या वेळी लांब लावली आणि चालत गेलो. त्यांनी ओळखलं की नाही कळलं नाही, तोंडावर काही दिसलं नाही, ग्लास भरून दिला. मी पिलो. शेजारी भरलेली बादली होती, तीच असावी, काठाला चेमटा आलेला. मी ग्लास परत दिला, पैसे दिले, आणि काहीतरी बोलायला म्हणून एक पाऊल पुढं टाकलं. तसं मामांनी धार न थांबवता डावा पाय लांब केला, बादलीच्या कडीत अंगठा अडकवला आणि ती सावकाश आपल्याकडं ओढून घेतली.

"येतो मामा," म्हटलं मी.